रॉयस्टनचा रुंद रोलर

रविवारी सकाळी आमच्या घरात बोलणं कमी असतं. क्लाइव्ह फ्रीजमधून गळाला लावायच्या अळ्यांचा डबा काढतो, झाकण उघडून त्या नीट वळवळताहेत ना हे बघतो, आणि डबा माझ्या लोण्याच्या बशीला खेटून ठेवतो. मी तो उचलून खिडकीत ठेवते. लग्न झाल्यापासून हे असंच चाललं आहे, दोघांपैकी कुणीच सुधारलेलं नाही. त्या रविवारीही मी डबा हलवला, बेकन तव्यात टाकलं, आणि तेवढ्यात मागच्या दारावर ठक् झालं.

मी दार उघडलं. बाहेर माणूस नव्हता. माझ्या पोटाच्या उंचीवर मासे पकडायच्या काठीचं जाडजूड बूड होतं, आणि ते सरकत सरकत घरात येत होतं.

"काठी मागे!" गल्लीपलीकडून आरोळी आली.

"मागे नाही, आत आली," मी ओरडले. "चहात साखर किती घेते?"

"नोरीन, दार उघडंच ठेव गं. अजून थोडी यायचीय."

हा रॉयस्टन ॲपलयार्ड. आमच्या परसाच्या फाटकासमोर अरुंद गल्ली आणि गल्लीपलीकडे त्याचं परस. आपल्या परसात तो पेटीवर बसला होता. काठीचं पुढचं टोक त्याच्या स्वयंपाकघरातून आणि पुढच्या खोलीतून थेट रस्त्याकडच्या दारापर्यंत गेलेलं, आणि मागचं टोक आता माझ्या स्टोव्हकडे निघालेलं. एवढी लांब काठी आजमावायला त्याला दोन घरं लागत.

आमच्या गावात बहुतेक पुरुष कालव्यावर याच काठ्या घेऊन बसतात. काठी एकात एक बसवलेल्या तुकड्यांची; तिला दोरा गुंडाळायचं चक्र नसतं, दोरा टोकालाच बांधलेला. मासा लागला की अख्खी काठी दोन्ही हातांनी मागे सरकवत न्यायची, पुढचे बारीक तुकडे हाताशी आले की तेवढे काढून घ्यायचे आणि मासा जाळीत. मागे गेलेली काठी जमिनीवर आपटू नये म्हणून पाठीमागे पायांवर उभा केलेला रोलर लागतो. काठी त्यावरून घरंगळत जाते. मागे वळून कुणी बघत नाही, डोळे माशावर असतात. रोलर आपण ठेवला तिथंच आहे, एवढं धरून चालायचं.

रॉयस्टनला तर वळून बघताच येत नसे. कोळशाच्या खाणीत होता तेव्हापासून त्याचे मणके एकमेकांना चिकटत गेले. मान फिरत नाही, खाली वाकत नाही. बाजूला बघायचं तर पाय उचलून अख्खा माणूस वळवावा लागतो, कपाट वळवावं तसा. म्हणून तो काठी सरकवण्याआधी "काठी मागे!" अशी आरोळी देई, की वाटेवरून कुणी जात असेल तर थांबावं. मासे पकडणाऱ्यांच्या क्लबातले लोक पबमध्ये, दुकानात, एकदा तर मॅव्हिसच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या अंत्यविधीनंतरच्या चहालासुद्धा त्या आरोळीची नक्कल करत. कप्तान डॅरेल साइक्सनं त्याचं नाव 'घुबड' ठेवलं होतं. घुबडाची मान सगळीकडे फिरते आणि याची कुठंच नाही, म्हणून. रॉयस्टन स्वतःही त्या नावाला ओ देई.

"घुबडाला सांग, माझ्या अंड्यात खुपसू नको म्हणावं," क्लाइव्ह बशीतून डोकं न उचलता म्हणाला.

मी आमच्या परसात गेले. फरशीवर दोन नवे कोरे रोलर उभे होते. दुकानदारानं रॉयस्टनला दोन्ही घरी न्यायला दिले होते, जो आवडणार नाही तो चिखल न लावता परत आणायच्या बोलीवर. एक अरुंद, खोबणीसारखा. त्यात काठी पडली की जागची हलत नाही. दुसरा आडवा आणि रुंद, वर मऊ फोम चढवलेला. नेम चुकला तरी काठी कुठंतरी त्याच्यावर पडतेच, पण वारा असला की घसरत कडेला जाते.

गेल्या रविवारी रॉयस्टनची काठी जुन्या रोलरवर न पडता शेजारी दगडावर पडली होती. मासा सुटला, काठीच्या एका तुकड्याला चीर गेली. खाण बंद झाली तेव्हा मिळालेल्या पैशातून घेतलेली काठी ती. चीर पडली तिथं आता काळी चिकटपट्टी होती. हिवाळी लीगच्या टीममधल्या सहापैकी पाच जागा ठरल्या होत्या. सहाव्या जागेसाठी दोन मॅच, गेल्या रविवारची आणि आजची. दोन्हींत मिळून ज्याच्या माशांचं वजन जास्त, जागा त्याची, आणि ती एकतर रॉयस्टनला मिळणार होती नाहीतर माझ्या नवऱ्याला.

"बघ, कुठं पडते ते सांग," रॉयस्टन म्हणाला. मी आधी अरुंद रोलर लावला. काठी मागे आली.

"खोबणीत."

"परत बघ."

"खोबणीत."

मग रुंद लावला. त्यानं काठी भराभर सरकवली, मुद्दाम हळू सरकवली, डोळे मिटून सरकवली. काठी दर वेळी रोलरच्या मधोमध, जणू तिथं खूण केलेली असावी. मी तसं सांगितलं की तो पापण्या मिटायचा. मान हलवता येत नसल्यामुळे त्याचा होकार तसाच असे.

"मग अरुंदच घे," मी म्हणाले. "आज वारा सुटणार म्हणताहेत. रुंदावर टिकायची नाही."

"रुंदच घेणार."

"अरे, दर वेळी मध्यात पडतेय! एवढा ऐसपैस कशाला मग?"

"इथं मध्यात पडते, नोरीन," तो म्हणाला. "कालव्यावर जरा जास्तीची जागा लागते."

त्याचं बोलणं असंच अर्ध्यावर तुटायचं. मी त्याला बेकन घातलेला पाव बशीत दिला. बशी त्यानं हनुवटीपर्यंत उचलून धरली, तोंड बशीपर्यंत नेता येत नाही म्हणून.

क्लाइव्ह सामान गाडीत चढवत होता. आपलं आणि रॉयस्टनचंही, कारण रॉयस्टनला वाकता येत नाही. पेटी, जाळ्या, माशांना टाकायच्या भिजवलेल्या खाण्याच्या बादल्या, सगळं दर रविवारी तोच उचलायचा.

"गाढवाला निदान गाजर तरी देतात," तो म्हणाला.

"आहे की गाजर. अळ्यांच्या पिशवीत, तळाला बघ," रॉयस्टन म्हणाला.

दोघं हसले. मीही हसले.

दुपारी मी दोघांचे डबे घेऊन कालव्यावर चालत गेले. जागा चिठ्ठ्या काढून मिळतात, आणि त्या दिवशी नेमक्या दोघांच्या जागा शेजारी आल्या होत्या. कालवा सरळ असल्यानं लांबून सगळी रांग दिसत होती. वारा होताच. रॉयस्टन पेटीवर ताठ बसलेला. त्याच्या पाठीमागे वाटेच्या कडेला रुंद रोलर, त्याला वजन म्हणून चिखलानं भरलेली पिशवी टांगलेली. माझ्या पुढे चाललेल्या, मासे तोलायच्या वजनकाट्यावरच्या म्हाताऱ्यानं सांगितलं, "घुबडानं जाळी भरलीय. तुझ्या नवऱ्याचं आज काही खरं नाही."

तेवढ्यात क्लाइव्ह आपल्या पेटीवरून उठला. झुडपाकडे निघाला, लघवीला जातात तसा. रॉयस्टनच्या मागून जाताना तो थांबला नाही, वाकला नाही, हातही खिशातून काढले नाहीत. चालता चालता रोलरच्या पायाला गमबुटानं ढकललं. रोलर वीतभर सरकला. मग परत येताना पुन्हा एकदा ढकलला आणि आपल्या पेटीवर बसला.

मी हाक मारली. वाऱ्यात ती माझ्याच तोंडावर परत आली.

"काठी मागे!" रॉयस्टन ओरडला. पलीकडून डॅरेलनं त्याच सुरात "काठी मागे!" म्हटलं आणि सगळी रांग खदखदली. रॉयस्टनची काठी पार वाकली होती, मोठा मासा असणार. त्यानं ती मागे घ्यायला सुरुवात केली. काठी रोलरवर आलीसुद्धा, पण अगदी कडेला, शेवटच्या बोटभर जागेवर. रुंद होता म्हणून तेवढी तरी आली. क्षणभर तिथं थरथरली. मग वाऱ्यानं तिला हलकेच उचललं आणि वाटेवर आडवी टाकली.

मागून सायकलवर एक मुलगी येत होती, कानांत गाणी. दोन्ही चाकं काठीवरून गेली. काठी फुटल्याचा तो आवाज मी अजून कशाशी ताडून बघू शकलेले नाही. पुढं पाण्यावर दोरा ढिला पडला.

मुलगी रडकुंडीला येऊन "माफ करा, माफ करा" म्हणत होती. रॉयस्टन उठला, पाय टाकत टाकत अख्खा वळला, आणि तिला म्हणाला, "तुझं काही चुकलं नाही, पोरी. तू जा."

"घुबडा, आता चष्मा पाठीला लाव!" डॅरेल ओरडला. माणसं पोट धरून हसत होती. क्लाइव्ह मात्र हसत नव्हता. तो धावत आला, तुकडे गोळा केले, रॉयस्टनच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "जाऊ दे रे. वय होतं माणसाचं."

रोलर मुळात जिथं उभा केला होता त्या जागी रॉयस्टन गेला आणि बुटाचं टोक चिखलात इकडंतिकडं फिरवत राहिला, काही सांडलेलं चाचपडावं तसा. मग पेटीवर जाऊन बसला. दुसरी काठी नव्हती. मॅच संपल्याची शिट्टी होईपर्यंत तो पाण्याकडे बघत बसून होता, इकडे बघता येत नाही, तिकडे बघता येत नाही, समोर तेवढं पाणी.

सहावी जागा क्लाइव्हला मिळाली. चार छोट्या माशांच्या फरकानं.

घरी आल्यावर तो नळाखाली जाळ्या धुवत होता तेव्हा मी विचारलं, "रोलर का सरकवलास?"

"मी हातसुद्धा लावला नाही."

"पाय लावलास. दोनदा. गेल्या रविवारीही तूच असणार."

त्यानं नळ बंद केला. वाटलं ओरडेल. पण तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, "त्याला गाडीत बसवायचं मी, उतरवायचं मी, त्याच्या पेट्या वाहायच्या मी. आणि शेवटी वजनकाट्यावर दर वेळी मला हरवणार तो. तू कधी त्याची ड्रायव्हर झाली नाहीस." मग जाळी झटकून म्हणाला, "काठी मोडावी असं माझ्या मनात नव्हतं. ती सायकल कुठून आली कोण जाणे." आणि जेवायला काय आहे म्हणून विचारलं.

मी रोस्ट वाढलं. त्यानं ग्रेव्ही दोनदा घेतली.

उजेड होता तोवरच रॉयस्टन मागच्या दाराशी आला, या वेळी हातानं टकटक करून. सकाळची बशी धुऊन आणली होती. क्लाइव्ह टीव्हीसमोर होता, आवाज मोठा करून.

"आत ये," मी म्हणाले.

"नको. डॅरेलला फोन केला. या वर्षी राखीव म्हणूनही माझा विचार करू नका म्हटलं, मान फारच धरलीय. जागा क्लाइव्हला मिळालीय, त्याच्याकडेच राहू दे. म्हणजे नंतर कुणाला काही बोलायला नको."

"रॉयस्टन, तुझी काठी चुकली नव्हती."

"ठाऊक आहे. रोलरच्या पायांची चिखलात भोकं पडतात. गेल्या रविवारी पायानं चाचपली. भोकं एकीकडे, रोलर दुसरीकडे. वारा काही रोलर उचलून शेजारी ठेवत नाही." तो पापण्या मिटून थांबला. "एक बूटभर सरकला होता. म्हणून रुंद घेतला. एका लाथेला तो पुरला असता. आजची दुसरी लाथ मी हिशोबात धरली नव्हती."

आत टीव्हीवर कुणीतरी गोल केला आणि क्लाइव्हनं टाळी वाजवली.

"दुकानदाराला सकाळी दोन्ही रोलर परत देतो," रॉयस्टन म्हणाला. "रुंदाला चिखल लागलाय, तो घासून काढला. घेईल तो." मग बशी माझ्या हातात दिली, पण लगेच सोडली नाही. "नोरीन, त्याला काही बोलू नकोस. भांडलीस तर तो मला न्यायचा नाही, आणि बस कालव्याकडे जात नाही. एकच मागतो. रविवारी त्याच्या गाडीत मागची सीट माझ्यासाठी राहू दे. सामान नसेल, काही उचलावं लागणार नाही. मी नुसता काठावर बसेन."