जर्दाळूखालची जागा

टोक्तोसुन वारला त्याला दोन दिवस झाले, तरी गाव त्याला कबरस्तानात जागा देईना. येशूला मानणारा आपल्या वाडवडिलांशेजारी नको, म्हणे! मयतासाठी अंगणात उभारलेल्या तंबूत त्याची बायको सायरागुल रीतीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून बसली होती. विधवेने तिथे मोठ्याने विलाप गायचा. हिचा आवाजच फुटेना, डोळेही कोरडे.

धाकटा दीर आत आला. "वहिनी, एवढंच म्हणा, शेवटी तो आपल्या धर्मात परत आला होता. लगेच जागा देतील."

"नव्हता आला."

"बाहेर बायका म्हणतायत, हिला रडू येत नाही, सुटली बिचारी."

"म्हणू देत."

"आणि तुमचा देव? नुसता बघत बसलाय?"

"त्याच्या हातातून काही निसटलेलं नाही, भावोजी. बरं वाटत नाहीये मला, पण तेवढं ठाऊक आहे."

दीर जायला वळला. मग म्हणाला, "परसात जर्दाळूखाली माती मऊ आहे."

"तीही जमीन देवाचीच," सायरागुल भिंतीकडे बघतच म्हणाली. "कुदळ कोंबड्यांच्या खुराड्यामागे आहे."