बोळातला खिळा

"कामले कोन बसस?"

घरात कामाला कोण बसतं, हे चप्पल दाराबाहेर काढता काढताच तो विचारायचा. राउटर लावायला आलेल्या माणसाने वायर कुठून घ्यायची ते विचारावं. हा वायरचं भेंडोळं खांद्यावर ठेवून, मोबाइल समोर धरून आधी घरभर फिरणार. धुळ्यात तुमच्याकडेही तो आला असेल आणि तुम्हीही वैतागला असाल.

मी तर भडकलोच. आमच्याकडे नवी वस्तू पुढच्या खोलीतल्या शोकेसमध्ये बसते, खाली क्रोशाचा रुमाल. दोन अँटेनांचं पुरे, असं त्याने फोनवर सांगूनही मी चार अँटेनांचं आणलं होतं. ते पाहुण्यांना दिसायला नको?

तो थेट मागच्या खोलीत गेला. तिथे माझी सून लॅपटॉप घेऊन बसायची. घरून करायची नोकरी नवीन होती, तीन महिने काम बघून कायम करणार होते. सासऱ्यासमोर मीटिंगमध्ये कसं बोलायचं, म्हणून तिने ती खोली धरली होती.

"आबा, मधला बोळमा लावू. तठून मांगे बी रेंज जाई."

शोकेसमध्येच लाव, असं मी बजावलं.

"शोकेसले इंटरनेट लागत नही, आबा."

सुनेला हसू आलं. ते पाहून माझं डोकंच फिरलं. माझ्या घरात येऊन मलाच शिकवतो! मी नको नको ते बोललो. त्याने मुकाट्याने शोकेसमध्ये राउटर बसवलं. जाताना मात्र बोळात, बटणांच्या बोर्डाच्या वर, नव्या रंगाच्या भिंतीत एक खिळा ठोकला आणि शोकेसमागे जास्तीची वायर गुंडाळून ठेवली.

"राहू द्या. कामले यी."

मी लगेच त्याच्या ऑफिसला फोन केला. माणूस उद्धट आहे, भिंत खराब केली, म्हणून सांगितलं.

नंतर सून लॅपटॉप घेऊन कधी जिन्यात, कधी ओट्याशी दिसायची. हिला एका जागी बसवत नाही, असं मी म्हणायचो. एक दिवस मुलाने सांगितलं, मीटिंग सारखी तुटते, आणखी एकदा तुटली तर तिला कायम करणार नाहीत. ती मला घाबरून गप्प होती.

मी ऑफिसला फोन लावून त्यालाच पाठवा म्हणालो. पलीकडची मुलगी म्हणाली, "तुमच्या तक्रारीनंतर त्यांना काढलं, सर."

एका फोनवर माणूस काढतात! त्यांचा राग आला, त्याहून जास्त माझा. मी शोकेस उघडलं, वायर बोळापर्यंत नेली. बरोबर पोचली. राउटर खिळ्यावर अडकवलं. मागच्या खोलीत सून न अडखळता बोलू लागली.

ती कायम झाली त्या दिवशी पेढ्यांचा एक पुडा घेऊन मी त्या ऑफिसात गेलो. त्याचा पत्ता त्यांच्याकडे नव्हता. घरोघर राबवलेल्या माणसाचा साधा पत्ता नाही! ओरडायला मी तोंड उघडलं.

पण तक्रार माझीच होती. पुडा घेऊन घरी आलो.