कूलरची हवा

मनीषनगरच्या एका घरी मी स्वयंपाक करते. उन्हाळ्यात निघताना तिथल्या कूलरमध्ये पाणी भरायचं कामही माझंच. बाई तेव्हा झोपलेल्या असतात. टाकी भरली की मी थोडा वेळ कूलरसमोर उभी राहते. ओल्या वाळ्याचा वास येतो, मानेवरचा घाम सुकतो. दिवसभरात माझं असं एवढंच.

आमच्या घरी कूलर आहे, पण त्यावर गोधड्या ठेवलेल्या असतात. मुलीला सिकलसेल आहे. गार हवा लागली की तिची हाडं ठणकतात. मागच्या उन्हाळ्यात दवाखान्यात ती ओरडून ओरडून थकली होती.

काल घरी आले तर ती माझ्या खांद्याला नाक लावून म्हणाली, "आई, तुह्या अंगाले वाळ्याचा वास येऊन राहिला."

"टाकी भरली ना वं, म्हणून."

"खोटं नको बोलू. गार हवा खाऊन आली तू." ती हसत होती. "आपला बी लाव ना. मी बाहेर बसतो."

नको म्हणेपर्यंत तिने गोधड्या उतरवल्या, बादलीभर पाणी ओतलं, बटन दाबलं आणि बाहेरच्या तापलेल्या पायरीवर जाऊन बसली. मी कूलरसमोर बसले. समोर तिची पाठ दिसत होती, घामाने भिजलेली. मी बटन बंद केलं.

"काहून वं?"

"वाळा जुना झाला. गारच होत नाही. ये आत."

आज मनीषनगरला टाकी भरली आणि लगेच निघाले. तिला वास कळतो.