डावी काच दुधी

“तो चष्मा मला परत हवाय, मॅडम. कायमचा नको. आठ दिवसांसाठी मिळाला तरी चालेल.”

माझ्या खोलीच्या दारात प्रकाश उभा होता. वय पस्तिशीचं, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. राहुरीजवळच्या एका शाळेत तो शिक्षक होता. कुठला चष्मा म्हणतोय, ते माझ्या लगेच लक्षात आलं. माणसांची नावं मी विसरायचे, नंबर विसरत नसे.

“तो दिला,” मी सांगितलं.

“कुणाला?”

“ज्यांना लागला त्यांना.”

तो बाकावर बसला.

मुलांनो, तुमची आजी नगरला एका धर्मादाय नेत्र रुग्णालयात चष्म्याचे नंबर काढायची, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण त्या काळातला चष्मा तुम्हाला नीट समजायचा नाही, म्हणून आधी ते सांगते. ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं नैसर्गिक भिंग गढूळ होणं. आता ते काढून आत दुसरं छोटं भिंग बसवतात. आमच्या शिबिरांत तेव्हा ती सोय नव्हती. गढूळ भिंग काढायचं, टाके घालायचे, आणि आतल्या भिंगाचं काम बाहेरून करायला दहाच्या आसपासच्या नंबरचा जाड चष्मा द्यायचा. तो चष्मा नसला, तर ऑपरेशन होऊनही माणसाला माणूस ओळखू येत नसे.

फुकट वाटायला आमच्याकडे चष्मे यायचे ते सगळे एकाच नंबरचे. बऱ्याच जणांचं त्यावर भागे. ज्यांचं भागत नसे त्यांच्यासाठी मी जुन्या चष्म्यांचं एक कपाट ठेवलं होतं. घरातलं माणूस गेलं की त्याचे कपडे कुणाला तरी दिले जातात, काठी आणि छत्री कुणीतरी वापरतं. चष्म्याचं काय करायचं ते मात्र कुणालाच कळत नाही. टाकवत नाही आणि घालताही येत नाही. मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, मला आणून द्या. आलेला चष्मा मी लेन्सोमीटरवर तपासायचे. हे काचेचा नंबर मोजणारं यंत्र. मग तो धुऊन पाकिटात घालायचा आणि वर फक्त नंबर लिहायचा. देणाऱ्याचं नाव लिहायचं नाही, हा आमच्या मोठ्या डॉक्टरांचा नियम. त्यांना आम्ही सर म्हणायचो. “घेणाऱ्याच्या डोक्यावर मेलेल्या माणसाचं ओझं कशाला?” ते म्हणत.

प्रकाशच्या वडिलांचा, भागाजींचा, चष्मा त्याच्या आईनेच मला आणून दिला होता. शेवंताबाई त्यांचं नाव. भागाजींसाठी पुण्यानुमोदनाचा, म्हणजे बौद्ध रीतीने श्रद्धांजलीचा, कार्यक्रम झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या आल्या. पदराच्या टोकात चष्मा बांधलेला. “एका डोळ्याच्या मानसाचा हाय बाई,” त्या म्हणाल्या, “पन चांगला हाय.”

चष्म्याची उजवी काच साडेदहा नंबरची होती आणि डावी दुधी. निकामी डोळ्यावर जाड भिंग लावलं की तो डोळा मोठा आणि विचित्र दिसतो, म्हणून ती काच घासून दुधी करतात. असा चष्मा सहसा दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडत नाही. हा कपाटातच राहणार असं मी धरून चालले होते.

“आईला तेव्हाच ठेवून घ्या म्हटलं नाही का तुम्ही?” मी प्रकाशला म्हटलं.

“आईनं चांगलंच केलं. मला तेव्हा सुचलं नाही, ही माझी चूक.” मग त्याने कारण सांगितलं. पुढच्या आठवड्यात भागाजींचा पहिला स्मृतिदिन होता आणि हार घालायला घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. “माझ्या लग्नात फोटोग्राफर होता, मॅडम. बाबा सगळा वेळ पाण्याच्या पिंपांपाशी. एका फोटोत आहेत, पण पाठमोरे.”

“मग चष्म्याचं काय?”

“स्टुडिओवाले म्हणतात, तुमची चेहरेपट्टी वडिलांची आहे. तुम्ही बसा, आम्ही केस पांढरे करतो, सुरकुत्या काढतो. पण चष्मा लागेल.” त्याने मान खाली घातली. “ती पांढरी काच नसली तर ते बाबा नाहीत. ती काच म्हणजेच बाबांचा चेहरा होता.”

त्या काळी नगरला असे फोटो करून देत. मुलाला किंवा भावाला बसवायचं आणि ब्रशने त्याचं वय वाढवायचं. पुष्कळ घरांतून असे फोटो लागलेले असत.

तसाच नवा चष्मा करून घ्यावा म्हटलं, तर काच पुण्याहून येणार. तीन आठवडे तरी लागले असते. मी सरांकडे गेले.

“दिलेली वस्तू परत नाही मागायची,” सर फाइलमधून मान वर न करता म्हणाले.

“फक्त फोटोपुरता पाहिजे, सर.”

“आता तो ज्यांच्याकडे आहे, त्या बाईंना दुसरा डोळा आहे का?”

“नाही.”

“मग तेवढा वेळ त्या आंधळ्या. कुणाच्या फोटोसाठी?” मग त्यांनी पेन ठेवलं. “तुम्ही स्वतः जाऊन भेटा. त्यांनी आपण होऊन दिला तर बघा. मागायचा मात्र नाही.”

त्या बाई म्हणजे तान्हाबाई. पारनेरकडच्या एका गावाहून शिबिराला आल्या होत्या. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन सरांनीच केलेलं आणि डावा डोळा कधीचाच गेलेला. वाटपाचा चष्मा लावला तर त्यांना अक्षरं तिरकी दिसायची. कारण त्यांच्या डोळ्यात सिलिंडर होता. डोळ्याचा पुढचा पडदा चेंडूसारखा सगळीकडून सारखा गोल नसला, एका दिशेने जास्त वळलेला असला, की सिलिंडरची काच लागते आणि तीही नेमक्या कोनात बसवावी लागते. मी नंबर काढला आणि कागदाकडे पाहतच राहिले. साडेदहा. सिलिंडर भागाजींच्या काचेचाच, कोनही जवळजवळ तोच. वर डावी काच दुधी हवी. पाकीट काढून चष्मा डोळ्यांवर चढवला, तर नाकावरसुद्धा बरोबर बसला.

मी धावत सरांना सांगायला गेले. “असा योगायोग मी पाहिला नाही, सर.”

सर हसले. “कोनाचा योगायोग कसला? त्या माणसाचे टाके मीच घातले होते, हिचेही मीच. माझा हात जसा ओढतो तसा डोळा वळतो.” हे खरंच होतं. त्या काळी टाक्यांच्या ओढीने सिलिंडर यायचाच. पण डाव्या डोळ्याचं काय?

रविवारी सकाळच्या एसटीने मी आणि प्रकाश निघालो. फाट्यावर उतरून चालत गेलो. माळावर शेळ्या होत्या आणि त्यांच्यामागे हातात काठी घेतलेल्या तान्हाबाई. आम्ही बरंच लांब असतानाच त्यांनी हाक दिली.

“बाई का? लांबनंच वळखलं!”

“कसं ओळखलं?”

“पर्स बगा की. शेळ्या राखनाऱ्या बाया पर्स घेत न्हाईत.”

जवळ येताच प्रकाशची पावलं थांबली. समोर एक अनोळखी म्हातारी होती आणि तिच्या चेहऱ्यावर त्याच्या वडिलांचा चष्मा. उजव्या काचेमागे मोठा झालेला डोळा, डावी काच पांढरी. त्याने हात जोडले. “जयभीम, आजी.”

“जयभीम बाबा. हे कोन पाव्हनं, बाई?”

“माझ्या ओळखीचे. शिक्षक आहेत.”

घरी नेऊन त्यांनी शेळीच्या दुधाचा चहा केला. प्रकाश कप हातात धरून बसून होता. मी मागणार नव्हते, तो मागणार नाही हे दिसत होतं. शेवटी त्याने विचारलं ते वेगळंच.

“डोळा कशानं गेला, आजी?”

“खडीनं. बहात्तरच्या दुष्काळात. तळ्याच्या कामावर खडी फोडायचो. डाव्या हातात दगड, उजव्यात हातोडा. डावा डोळा दगडाच्या जवळ. कपची उडाली की त्याच डोळ्यात.”

“कुठलं तळं?”

त्यांनी सांगितलं. प्रकाशने कप खाली ठेवला.

“माझे वडील त्याच कामावर होते. त्यांचापण डावाच गेला. भागाजी नाव.”

“भागाजी?” तान्हाबाई आठवू लागल्या. “बुटका, तुरुतुरु चालायचा? पट्टीवाला भागाजी?”

“पट्टीवाला का?”

“त्येचा डोळा गेला नि दोन दिसात पट्टी बांदून कामावर हजर. काम सोडून समद्या ढिगांवर फिरला. ‘समोरासमोर बसू नगा, तोंडं फिरवून बसा, एकमेकाच्या कपच्या उडत्यात.’ मुकादम शिव्या देतोय, ह्यो फिरतोय.” त्या थोडं हसल्या आणि मग थांबल्या. “आमी बाया बाया समोर बसून बोलायचो. पाठ करून काय बोलनार? मी म्हनले, आला मोठा डाक्टर. आठवडा न्हाई झाला, माजा गेला.”

बाहेर शेळ्या ओरडत होत्या.

“हाय का भागाजी?” त्यांनी विचारलं.

“गेले. वर्ष होईल आता.”

मग प्रकाशने सगळं सांगितलं. चष्म्याचं, फोटोचं, येत्या स्मृतिदिनाचं. मी मध्ये बोलले नाही. सरांनी मागायचा नाही म्हटलं होतं आणि प्रकाश मागत नव्हताच. तो फक्त सांगत होता. तान्हाबाईंचा हात सावकाश चष्म्याकडे गेला.

“ह्यो त्येचा हाय?”

“हो.”

त्यांनी चष्मा काढला आणि समोर धरला. पण प्रकाश होता उजवीकडे आणि त्यांचा हात गेला डावीकडे, रिकाम्या जागी. “घे बाबा. घरी ने.”

प्रकाश उठला. त्याने चष्मा घेतला, शर्टाच्या टोकाने काच पुसली आणि परत त्यांच्या कानांवर नीट बसवला.

“तुम्हाला दिसू दे, आजी. फोटोचं बघू काहीतरी.”

“काय बगतूस?” त्या जरा रागावल्याच. “फोटूला किती येळ लागतो?”

“दहा-पंधरा मिनिटं.”

“मंग मीच येते की नगरला. बसते पंदरा मिन्टं आंदळी. आजवर काय कमी बसले?”

दोन दिवसांनी आम्ही स्टुडिओत होतो. तान्हाबाईंनी चष्मा काढून दिला आणि माझा हात घट्ट धरून बाकावर बसल्या. प्रकाशने तो लावला. दिवे लागले.

“सर, इकडे कॅमेऱ्याकडे बघा,” फोटोग्राफर म्हणाला.

“कुठे आहे कॅमेरा?”

“समोरच. चार हातांवर.”

“मला काहीच दिसत नाही.” प्रकाशने माझ्या आवाजाकडे तोंड वळवलं. “मॅडम, बाबा इतकी वर्षं यातून बघत होते?”

“त्यांना यातून स्वच्छ दिसायचं. हा नंबर त्यांचा आहे, तुमचा नाही.”

“झालं का रं?” तान्हाबाईंनी विचारलं. “तुलाबी दिसंना, मलाबी दिसंना. दोगांच्यात एक चष्मा नि दोगंबी आंदळे.”

फोटोग्राफर हसला. प्रकाशही हसला, आणि मग त्याच्या उजव्या डोळ्यातून पाणी आलं. जाड काचेमागे ते फार मोठं दिसत होतं. फोटोग्राफर थांबला, त्याने दिवे जरा मंद केले, आणि प्रकाशने डोळे पुसल्यावर दोन फोटो घेतले. चष्मा पुन्हा तान्हाबाईंच्या नाकावर गेला. त्यांनी आधी भिंतीवरचे सगळे फोटो बघून घेतले आणि मगच उठल्या.

स्मृतिदिनाला मी गेले होते. तान्हाबाईही आल्या होत्या. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या प्रतिमेखाली टेबलावर भागाजींचा फोटो ठेवला होता. केस पांढरे केलेले, गाल आत घेतलेले. शेवंताबाई समोर उभ्या राहून निरखत होत्या. प्रकाश त्यांच्या तोंडाकडे बघत होता. आई नाही म्हणाली असती, तर तो फोटो त्याने तिथे ठेवला नसता.

“नाक तुजं हाय,” त्या म्हणाल्या. “कानबी तुजंच. त्येंचं कान मोठं हुतं.”

“मग आई?”

त्या आणखी जवळ गेल्या.

“डोळा मातुर त्येंचा.”

त्यांनी हार घातला.

हे कसं झालं ते धंद्याच्या भाषेत सोपं आहे. साडेदहाची काच मागच्या डोळ्याला मोठं करते. कुणीही तो चष्मा लावला असता तरी डोळा तसाच दिसला असता. शेवंताबाईंनी ऑपरेशननंतरची सगळी वर्षं तो मोठा झालेला डोळाच पाहिला होता. मी हे तिथे कुणाला सांगितलं नाही. तान्हाबाई फोटोपुढे बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत.

त्यानंतर मी नंबर काढण्याआधी एक प्रश्न विचारू लागले, “पूर्वी काम काय करत होता?” डावा डोळा गेलेले आणखी काही जण आले. खडी, विहीर, खाण, असंच काही ना काही उत्तर मिळायचं. योगायोग हा शब्द मी तेव्हापासून जपून वापरते. कामाचं विचारायचं राहून गेलं की तो शब्द सुचतो.

काही वर्षांनी तान्हाबाई गेल्या. त्यांच्या सुनेने चष्मा रुमालात गुंडाळून आणून दिला. मी प्रकाशला निरोप धाडला. त्याने कळवलं, कपाटातच ठेवा, कुणाला लागला तर असू दे. मी धुऊन पाकिटात घातला आणि वर नंबर लिहिला. तोपर्यंत डोळ्यातच भिंग बसवायला सुरुवात झाली होती. मी निवृत्त होईपर्यंत ते पाकीट तिथेच होतं. कुणालाच लागलं नाही.