अक्काच्या चाकामागे

अक्का पडली तेव्हा मी तिच्या पुढे होते. विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगितलं, आणि ते खरंही होतं. त्यामुळेच ते सांगणं मला सोपं गेलं.

अक्का माझी सख्खी बहीण नव्हे. ती भूमची, मी सास्तूरची. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, म्हणून आमच्या घरच्या रीतीनं मी तिला अक्का म्हणायचे. आम्ही दोघी ट्रायथलॉन करायचो: आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, मध्ये विसावा नाही. पोहायला माकणीचं धरण आमच्या गावाला जवळ, म्हणून सरावाच्या दिवसांत ती आमच्याकडेच राहायची. तव्यावरची पहिली भाकरी आई तिच्या ताटात टाकायची. सकाळी धरणात पोहून ओल्या केसांनीच आम्ही सायकलीवर बसायचो आणि लोहाऱ्याच्या रस्त्याला लागायचो. थोडा वेळ ती पुढं, मी मागं. मग मी पुढं, ती मागं. रानात खुरपणाऱ्या बाया हात थांबवून बघायच्या. एकदा एक म्हातारी ओरडली होती, "अगं, रस्ता एवढा मोकळा हाय, एकमेकीला का चिकटून चाललाव?"

ते चिकटून चालवणं हीच आमची शर्यत होती. बऱ्याच ट्रायथलॉनमध्ये दुसऱ्याच्या मागं लपून सायकल चालवली तर शिक्षा होते. आमच्या प्रकारात मुभा असते. पुढची वारा अंगावर घेते, मागची तिच्या आडोशाला बसून दम राखते. त्यासाठी दोन चाकांमध्ये वीतभरच अंतर ठेवावं लागतं. सायकलही त्याला साजेशी लागते. कोपर टेकून ओणवं होता येतं असे लांब दांडे आमच्यात चालत नाहीत, कारण तिथून ब्रेकला हात पोचत नाही. खाली वळलेलं हँडल आणि ब्रेक कायम बोटाखाली. शर्यतीआधी पंच हँडलच्या टोकांची बुचंसुद्धा दाबून बघतात. उघडी नळी पडताना कुणाच्याही पोटात घुसू शकते.

धाराशिवात आमच्या सायकली एकच माणूस बघायचा. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. उभा जन्म पंक्चर काढण्यात आणि डगमगणाऱ्या चाकांचे आऊट काढण्यात गेलेला. गिअरच्या महागड्या सायकली ते आमच्यासाठी शिकले, साठीनंतर, मोबाईलवर व्हिडिओ बघून. कार्बनची फ्रेम पहिल्यांदा उचलली तेव्हा ती दोन्ही हातांनी जोखून म्हणाले, "बेटा, ही तं कागदाची हाय का काय?" पण शर्यतीला निघायच्या आदल्या दिवशी ते दुकानात दुसरं गिऱ्हाईक घ्यायचे नाहीत. आमचा एकेक गिअर दहादहा वेळा वर-खाली करून बघायचे.

ती शर्यत समुद्रकाठच्या एका शहरात होती. देशातल्या चांगल्या मुली आल्या होत्या आणि पहिल्या चौघींची संघात निवड व्हायची होती. अक्काची निवड सगळे धरूनच चालले होते. माझं नाव कुणी घेत नव्हतं.

मी नवीन चाकं नेली होती. पुण्याच्या एका खेळाडूनं खेळ सोडला, तिची कार्बनची, चार बोटं खोल रिमची. परदेशी खेळाडूंच्या सायकलींना असतात तशी. असं चाक सरळ वाऱ्यात झपाझप पळतं, पण आडवा वारा आला की शिडासारखं भरतं. खोलीवर सायकली जोडताना अक्का म्हणाली, "उद्या समुद्राचं वारं राहणार. मागचं ऱ्हाऊ दे, पुढचं चाक बारक्या रिमचं लाव."

"एवढं पुण्याहून आणलं ते पिशवीत ठेवायला व्हय?" मी म्हणाले.

"तुझ्या पुढं मी असणार हाय, म्हणून सांगायलेय."

ती हसत होती. मी चाक बदललं नाही.

पोहून आम्ही जवळजवळ बरोबरच बाहेर आलो. सायकलीवर चौघींची ओळ जमली; आमच्या पुढं थोड्या अंतरावर आणखी एक घोळका होता. अक्का सगळ्यात पुढं, मी तिच्या मागं. पहिली फेरी अशी गेली की सास्तूरचाच रस्ता वाटावा. दुसऱ्या फेरीत इमारतींची रांग संपली आणि डावीकडून वाऱ्याचा झोत आला. माझं पुढचं चाक हातभर उजवीकडे फेकलं गेलं आणि अक्काच्या मागच्या चाकाला समांतर जाऊन बसलं. मी घाबरून हँडल डावीकडे ओढलं. माझं चाक तिच्या गिअरवर आदळलं. मागच्या चाकाशी लोंबणारा, साखळी इकडून तिकडे नेणारा जो भाग असतो, त्यावर. 'टक्' असा बारीक आवाज आला.

अक्कानं मान न वळवता विचारलं, "काय झालं गं?"

मी म्हणाले, "काय न्हाय. दगड उडाला."

का म्हणाले? आदळलं म्हणून सांगितलं असतं तर तिनं पाय थांबवून खाली बघितलं असतं, ओळ मोडली असती, पुढचा घोळका निसटला असता. हा सगळा हिशेब मी केला असं मला वाटत नाही. तोंडातून ते निघून गेलं. पण निघून गेल्यावर परत घ्यायला माझ्याकडे चांगली चार-पाच मिनिटं होती. तेवढ्यात माझी पाळी आली म्हणून मी पुढं झाले.

मग उड्डाणपुलाचा चढ आला. चढावर सगळ्यात हलका गिअर टाकतात, म्हणजे साखळी आतल्या, सगळ्यात मोठ्या चक्राकडे जाते, स्पोकच्या अगदी जवळ. माझ्या धक्क्यानं अक्काचा गिअर आतल्या बाजूला वाकलेला होता. तो थेट स्पोकमध्ये गेला आणि चाक जागच्या जागी अडकलं. मागं काहीतरी मोडल्याचा आवाज आला, मग अक्काचं ओरडणं. मी वळून बघितलं नाही. सायकल संपवली, पळाले आणि चौथी आले.

अक्काच्या गळ्यापासून उजव्या खांद्यापर्यंतचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. आत धातूची पट्टी बसवली. दवाखान्यात ती मला म्हणाली, "तू तरी आलीस संघात. बरं झालं." मी तिच्या उशाशी बसून मोसंबी सोलत होते. फोडी एकेक करून तिच्या डाव्या हातात देत होते.

तिची सायकल मीच चाचांच्या दुकानात नेली. त्यांनी ती स्टँडला लावली. मोडलेला गिअर स्पोकमध्ये तसाच गुंतलेला होता. बराच वेळ ते चष्मा वर-खाली करत बघत राहिले. मग खाली बसले.

"साखळी तारात जाऊ न्हाय म्हणून एक बारका स्क्रू आसतो," ते म्हणाले. "त्यो माझ्या हातनं ढिला ऱ्हायला आसंल. दुसरं काय?"

"तसं नसंल चाचा," मी म्हणाले. "जाताना सायकलीच्या खोक्यात काय लागलं असंल."

"खोक्यात मी गिअर सोडवून, फडक्यात गुंडाळून दिला हुता, बेटा."

एवढ्यावर मी गप्प बसले. त्या दिवशी दुकानात आणखी तीन-चार जण होते, सायकलवालेच. त्यांनी ऐकलं. महिन्याभरात आमच्यातल्या कुणी चाचांकडे रेसची सायकल नेईनासं झालं. नेली तरी ते हात लावत नसत. शाळेच्या पोरांच्या सायकली, पंक्चर, एवढंच. आणि मी अक्काच्या जागेवर शिबिराला गेले. संघाचे कपडे मिळाले, परदेशी प्रशिक्षकाकडून शिकायला मिळालं. घोळक्यात दुसरीच्या मागं बसलं की माझे हात घामानं निसटायचे. चाकातलं अंतर वीतभराचं दोन हात व्हायचं. प्रशिक्षक ओरडायचे, "जवळ जा, जवळ!"

असे आठ महिने गेले. मोठ्या शर्यतीआधी सुट्टीत घरी आले तेव्हा सायकल घेऊन मी चाचांकडे गेले. का गेले, सांगता येत नाही. शिबिरात चांगले मेकॅनिक होते, काम काहीच नव्हतं. चाचांनी सायकलीकडे बघितलं आणि हात मागं घेतले.

"ही मी धरणार न्हाय. आजून एक पोरगी पाडायची न्हाय मला."

मग मी सांगितलं. वारा, चाक, टक् आवाज, दगड, सगळं. उभ्यानंच सांगितलं. चाचा ट्यूबला पंप मारत होते, तो हात थांबला.

"दगड म्हनलीस तू?"

"व्हय."

"आन् मी हितं बसून स्क्रू स्क्रू करत हुतो, तवा तू हितंच हुतीस."

"व्हय चाचा."

ते शिव्या देतील असं मला वाटलं, मला त्या हव्याही होत्या. त्यांनी ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवली आणि बुडबुडे शोधू लागले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिला सांगितलंस?"

"न्हाय."

"मग जा. तिच्या आदी मला कशाला सांगितलंस?"

सायकल त्यांच्याच दुकानात टाकून मी भूमची एसटी धरली. बाजाराचा दिवस होता. अक्का तिच्या आईबरोबर भाजी घेत होती. उजवा खांदा थोडा खाली, पिशवी डाव्या हातात. मला बघून खुलली. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसवून मी तिला सांगितलं.

"ते टक् मी ऐकलं हुतं," शेवटी ती म्हणाली. "म्हणून तं विचारलं तुला. तू गिअर म्हनली असतीस तर मी हलक्यावर टाकलंच नसतं. जडावरच चढले असते पूल."

हे मला आजवर सुचलंच नव्हतं. तिला थांबायचीसुद्धा गरज नव्हती. माझा एक शब्द पुरला असता.

"चाक कुणाचंबी लागतं," ती म्हणाली. "मी त्याचं काय म्हणत न्हाय." तिनं पिशवी मांडीवर ओढून घेतली. "चाचांचा मला तीनदा फोन आला, माफी मागायला. मी त्यांना म्हनलं, जाऊ द्या, माणसाकडनं चूक व्हायचीच. चूक व्हायचीच म्हनलं मी त्यांना." एवढं बोलून ती उठली आणि आईकडे गेली. मी हाक मारली, ती वळली नाही.

त्याच दिवशी तिनं चाचांना फोन केला, हे मला नंतर कळलं. ज्यांनी त्या दिवशी दुकानात ऐकलं होतं, त्यांना मी एकेकाला गाठून खरं सांगितलं. प्रशिक्षकांनाही सांगितलं. त्यांनी मला काढलं नाही, पण इतर मुलींना कळल्यावर माझ्यापुढं सायकल चालवायला कुणी राजी नसे. त्यांचं चुकलं असं मला कधीच वाटलं नाही. एक हंगाम रेटला आणि मी तो प्रकार सोडला. आता माकणीला पोरींना पोहायला शिकवते.

चाचा पुन्हा गिअरच्या सायकली घेऊ लागले. गिऱ्हाईक सगळं परत आलं नाही. मी गेले तर बोलतात, पण बेटा म्हणत नाहीत.

अक्कानं पुढं शर्यत केली नाही. मागच्या वर्षी तिनं सायकल दुरुस्त करायला घेतली तेव्हा आमची चाचांच्या दुकानात गाठ पडली. चाचांनी तिघांना चहा सांगितला. ती त्यांच्याशी बोलत होती, ब्रेकचं, नव्या साखळीचं. मी कपाकडे बघत बसले होते. चहा संपल्यावर तिनं सायकल बाहेर काढली, टांग टाकली आणि म्हणाली, "येते."

ते चाचांना होतं की आम्हा दोघांना, मला कळलं नाही.