हजार पिपांचा बोकड

"बोकडाच्या दाव्याला हात लावाल, तर आज पातेल्यात तुमीच शिजाल!"

बायको ओरडत होती. दाव्याचं एक टोक तिच्या हातात, दुसरं माझ्या, आणि मधे बोकड निवांत माझ्या सदऱ्याची बाही चघळत उभा.

त्याचं असं झालं. राहुरीजवळच्या आमच्या वस्तीवर बसून मी मोबाईलवर युरो-डॉलरचा व्यापार शिकत होतो. खातं सरावाचं; पैसे खोटे, पण छाती खरी फुगायची. तिथं भाव बोटभर हलत नाही, केसाएवढा हलतो, आणि त्या केसाला म्हणतात पिप. मी म्हसोबाला भावकीदेखत बोललो, "हजार पिप कमावले की बोकड!" (बोकड बायकोचा, बाटलीनं दूध पाजून वाढवलेला. नवस बोलायला माझं काय जात होतं?)

पिप मोजायची विद्या मी दूध डेअरीतून उचलली. तिथं फॅटच्या मशीनवर शेवटचा आकडा एकानं हलला की एक पॉइंट. मग मोबाईलवरही मी शेवटचाच आकडा मोजत गेलो. बघता बघता हजार! भावकी जेवायला आली, मसाला वाटून झाला, ज्यानं त्यानं आपापली नळी आधीच सांगून ठेवली.

तेवढ्यात मेहुणा आला. तो पुण्यात चलनाच्याच धंद्यात नोकरीला. बायकोनं दावं न सोडता माझा मोबाईल त्याच्या हातात कोंबला. "दादा, बघ जरा. ह्यांच्या मोजणीपायी माझं लेकरू चाललंय."

मेहुण्यानं बघितलं. घसा खाकरला. "दाजी, पिप म्हंजी टिंबानंतरचं चौथं घर. तुमी पाचवं मोजलं. ते पिपचा दहावा भाग हाय."

"म्हंजी?"

"म्हंजी हजार न्हाई. शंभर."

चुलते पुटपुटले, "मग दहावा भाग तर दहावा भाग. एखादी तंगडी..."

बायकोनं नुसतं बघितलं. चुलत्यांना एकदम आपला उपास आठवला.

तिनं माझ्या हातातून दावं सोडवलं आणि बोकड गोठ्यात नेला. (बाही त्याच्यासोबतच गेली.) ती परतल्यावर मी चेहरा शक्य तितका व्यापाऱ्यासारखा ठेवून विचारलं, "मग आता एवढ्या पाव्हण्यांना वाढायचं काय?"

"अंड्याचं कालवण," ती म्हणाली. "सगळ्यांना एकेक. तुमाला दहावा भाग."