शालनच्या आवडीचं ताट

दुपारचे तीन वाजून गेलेत. अण्णासाहेब मगदूम दिवाणावर या कुशीवरून त्या कुशीवर होतायत, पण डोळा लागत नाही. सकाळी विजयमालावहिनींचा फोन आल्यापासून त्यांचं डोकं ठिकाणावर नाही. उद्या त्यांच्या बायकोचा, शालनचा वाढदिवस. शालन जाऊन सात महिने झाले, तरी वहिनींसकट शिवणक्लासातल्या तिच्या चौघी मैत्रिणींनी ठरवलंय की दरवर्षीसारखं सांगलीतल्या त्याच हॉटेलात जेवायचं, तिच्या खुर्चीपुढे तिच्या आवडीचं ताट मांडायचं आणि अण्णासाहेबांनाही बोलवायचं.

"हॉटेलवाल्याला पाचपर्यंत सांगायचंय, भाऊजी," विजयमालावहिनी म्हणाल्या होत्या. "शालनला काय आवडायचं तेवढं कळवा."

"वीस वर्षं तुम्ही एकत्र जेवताय. तुम्हाला ठाऊक असणार की."

"तिथंच तर घोळ आहे. आमच्यात जिचा वाढदिवस, तिनं सगळ्यांसाठी मागवायचं. शालन दरवेळी आमच्याच आवडीचं मागवायची. पण तुम्ही तर चाळीस वर्षं संसार केलाय."

"मला ठाऊक आहे. कळवतो संध्याकाळपर्यंत," असं अण्णासाहेब मोठ्या तोऱ्यात म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांना कळलं, की आपल्याला काहीच ठाऊक नाही.

तेव्हापासून पेपर आणि पेन घेऊन हेच चाललंय. भरली वांगी? ती त्यांना आवडतात. पुरणपोळी? ती लेकाला. एकेक पदार्थ आठवतो आणि त्याच्याबरोबर शालनही आठवते, पण वाढताना. खाताना काही केल्या आठवत नाही. विचार करकरून पापण्या जड होतात, पंख्याचा आवाज लांब जातो आणि भांड्यांचा जवळ येतो.

हॉटेलातल्या टेबलापाशी शालन बसलीय. मिठाची आणि मिरपुडीची बाटली ती एका ओळीत लावतेय.

"आलात? बसा की."

चष्मेवाला म्हातारा वेटर पेन्सिल घेऊन उभा आहे. "बोला साहेब." अण्णासाहेबांचं तोंड सवयीनं उघडतं आणि 'दोन अख्खा मसूर' अगदी ओठांवर येतं. ते तसंच गिळून अण्णासाहेब मेनूकार्ड तिच्यापुढे सरकवतात. असं त्यांनी जन्मात केलेलं नाही.

"आज तू सांग."

"मला काय बी चालतंय. तुम्ही घ्या."

"चालतंय ते नको. आवडतं काय, ते सांग."

"किती घामाघूम झालाय तुम्ही," असं म्हणून शालन त्याच कार्डानं त्यांना वारा घालू लागते. वाऱ्याबरोबर दुधाचा वास येतो. ती ओट्यापाशी उभी आहे आणि कार्ड दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून ठेवतेय. वेटर फ्रीजला टेकून उभाच आहे.

"शालन, पाच वाजायला आले."

"मग चहा ठेवू का?"

"मी चहा मागतोय का तुझ्याकडं? साधी गोष्ट विचारतोय. गोड आवडतं? तिखट आवडतं? तेवढं तरी सांग."

"त्यांना विचारा, उभ्यानं पाय दुखत असतील त्यांचे," ती वेटरकडे बघत म्हणते.

अण्णासाहेबांच्या कपाळाची शीर उडू लागते. ते ओट्यावर हात आपटायला जातात, तर हात एस.टी.च्या सीटच्या दांड्यावर आपटतो. गाडी मिरजेकडे निघालीय. शालन खिडकीशी बसलीय आणि वेटरच्या खांद्याला कंडक्टरची बॅग आहे.

"चाळीस वर्षांत एकदा तरी सांगायचंस," ते ओरडतात. "तोंड शिवलं होतं का तुझं? आता मी त्या बायकांना काय तोंड दाखवू?"

राग स्वतःचाच आलाय हे त्यांना कळतंय. पण स्वतःवर ओरडायची सवय नाही, त्यामुळे तो नेहमीच्या वाटेनं तिच्याकडेच जातो. शालन चिडत नाही. ती पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट बघते.

"बायका काय म्हणतील, याचीच काळजी लागलीय होय तुम्हाला?"

अण्णासाहेबांचा आवाज बसतो. "नाही गं. मला माहीत असायला पाहिजे होतं. सकाळपासून घास उतरत नाही माझ्या घशाखाली."

"बरं," ती म्हणते. "घ्या लिहून."

अण्णासाहेबांना इतकं हायसं वाटतं की डोळे भरून येतात. कंडक्टरच्या हातातली पेन्सिल ते जवळजवळ हिसकावून घेतात. महिन्याचं सामान लिहून द्यावं तशी शालन सावकाश एकेक सांगत जाते आणि ते लिहीत जातात. काय लिहितोय याकडे त्यांचं लक्ष नाही. ते तिच्या तोंडाकडे बघतायत. ती बोलायची थांबू नये, एवढंच त्यांना हवंय.

गाडी माळावर कुठेतरी थांबते. तिथे थांबा नाही. शालन पदर सावरून उठते.

"उद्या वेळेवर जावा. खोळंबतील बिचाऱ्या," म्हणते आणि उतरते. ते उठायला बघतात, पण पाय हलत नाहीत.

फोन वाजतोय. पाचला दहा कमी आहेत. डावा हात अंगाखाली दबून बधिर झालाय आणि उजव्या हातात पेन आहे. कुशीखाली चुरगळलेल्या पेपरच्या कोऱ्या कडेवर चार ओळी लिहिल्यात. अक्षर वाकडंतिकडं, पण त्यांचंच. ते चष्मा न शोधताच पेपर डोळ्यांजवळ धरतात.

अख्खा मसूर.
भाकरी पातळ, कडा करपलेल्या नकोत.
कोशिंबिरीत कांदा नको. ताक गोडं.
तिखट बेताचं घाला, यांना सोसत नाही.

अण्णासाहेब ते दोनदा वाचतात. फोन वाजून बंद होतो आणि लगेच परत वाजायला लागतो.

"ठरलं का, भाऊजी?" विजयमालावहिनी विचारतात. "हॉटेलवाला वाट बघतोय."

"मला माहीत नाही, वहिनी," अण्णासाहेब म्हणतात. "मी तिला कधी विचारलंच नाही."